कडक माल

सेखों सरदारजींनी खिशातून कानस काढली आणि नव्याकोऱ्या पात्यावर घासली. पात्यावर ओरखडा उठला.

"पम्मी, याला पोलाद म्हणायचं? हा तर खवा झाला, खवा!"

पंजाबातल्या मंडी गोबिंदगढमध्ये भंगार कापायच्या कातरीचं पातं असंच पारखतात. कानस घसरली तर माल खरा, लागली तर माल परत. लोखंडाच्या गिरणीचे मालक असलेल्या सरदारजींनी तर आयुष्यात कानशीखेरीज कुणाचं मत विचारलंच नव्हतं.

"चाचाजी, तुम्ही गिरणीत कानशी कापता की लोखंड?" पम्मीने विचारलं.

"लस्सी मागवू का?" तिचे वडील, दारजी, घाईघाईने मध्ये पडले. पाती ते घडवत. पोलाद निवडायचं काम पम्मीचं. सेखोंची मागणी गेली तर भट्टी थंड पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पम्मी हटली नाही. मागचं पातं तिने सरदारजींच्या हट्टापायी कडक पोलादाचं दिलं होतं. त्यावर कानस अशी घसरली की सरदारजी खूश. आठवड्यात रुळाचा तुकडा कापताना ते काचेसारखं फुटलं आणि कपची कातर चालवणाऱ्या बच्चित्तरच्या खांद्यात घुसली. तेव्हाच तिने ठरवलं, यापुढे धक्का सोसणारं पोलाद. बोथट होईल जरा लवकर, पण फुटणार नाही.

"धार मी लावून देत जाईन," ती म्हणाली.

"मला कडकच पाहिजे. नाहीतर समोरच्या गल्लीत दुकानं काय कमी आहेत?"

"मग घ्या कडक. कोपऱ्यात एक पडलंय, फुकट घ्या."

दारजींना ठसका लागला. सरदारजींची मिशी फुलली.

"अट एकच. पहिला तुकडा कापताना कातरीसमोर तुम्ही उभं राहायचं."

"मी कशाला? तिथं उभं राहायला माणसं ठेवलीत की!"

"बच्चित्तरचा हात अजून वर जात नाही, चाचाजी. जागा रिकामीच आहे."

सरदारजींनी कोपऱ्यातल्या कडक पात्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ते चांगलं ऐसपैस होतं. कपचीनं चुकवायचं ठरवलं तरी नेम चुकला नसता. त्यांनी घसा खाकरला, दारजींकडे पाठ केली आणि ओरखडा उठलेल्या पात्यावर बोट ठेवून हळूच विचारलं,

"पुत्तर, याच्याहून मऊ काही आहे का गं?"