लगामाची गाठ

कुसुमनं मोडक्या छत्रीची काडी दगडावर ठोकून वळवली, टोक घासून गुळगुळीत केलं आणि बाभळीच्या मुठीत बसवली. सासऱ्यांचा उजवा अंगठा लुळा पडल्यापासून लगाम बनवणाऱ्या त्या घरात लगामाची शेवटची गाठ कुणालाच आवळता येत नव्हती. आता काडीच्या पन्हळीतून चामड्याची वादी वेढ्याखाली अलगद सरकली.

"गाठ अंगठ्यानं आवळायची असती," सासरे गरजले. "घोडी बिथरली आन् ही सुटली, तर नवरदेवाचा जीव जाईल. देऊ नगंस!"

पण वरात निघायची वेळ झाली होती आणि युसूफभाई घोडेवाले दारात खोळंबले होते. सासऱ्यांकडे न बघता तिनं नवा लगाम युसूफभाईंच्या हाती दिला.

वरातीमागून कुसुम आणि सासरेही निघाले. वेशीपाशी फटाक्यांची माळ तडतडली आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव तिच्या मानेला बिलगला. चार हातांवर बिनकठड्याची विहीर होती. युसूफभाई लगामाला अक्षरशः लोंबकळले. वादी ताणली गेली, करकरली. कुसुमला त्या गाठीशिवाय काही दिसेना. शेजारी सासऱ्यांनी डाव्या मुठीत तिचा पदर घट्ट धरला होता आणि त्याचं त्यांना भानही नव्हतं.

गाठ तसूभर हलली नाही. घोडी फुरफुरत खाली आली.

युसूफभाईंनी घाम पुसला. "मामा, तुमच्या हाताला तोड नाही!"

"माझा हात न्हवं त्यो," सगळ्या वरातीला ऐकू जाईल अशा आवाजात सासरे म्हणाले. "माझ्या सुनंचा हाय."