सहा शब्दांची चौकशी

तेरा वर्षांच्या नातीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून आठ महिने झाले होते. न देण्याची कारणं मात्र आजोबांकडे तयार होती, अकारविल्हे लावलेली. चौतीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत काढलेला माणूस. दोन ओळी खरडायच्या म्हटलं तरी त्याला तीन संदर्भग्रंथ लागत.

पत्रात नातीने सहा शब्द पाठवले होते, अर्थांसकट. निळावणे: निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, तरी उत्तर न देणे. अंगठाळू: कशालाही नुसता अंगठा पाठवणारा. खांबू: ग्रुपमध्ये असून कधीच न बोलणारा. असेच आणखी तीन. खाली लिहिलं होतं, 'हे शब्द वापरून मला पत्र लिहा. फोन नको. फोनवर तुम्ही फक्त हं म्हणता.'

आता शब्द म्हटला की त्याची चौकशी आली. कोणी वापरला, कुठे, कधी. तपासल्याशिवाय शब्द वापरणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देणं, असं आजोबांचं मत. त्यांनी सहा चिठ्ठ्या केल्या. ग्रंथालयातल्या संगणकावर आठवडाभर शोधलं, एकही सापडला नाही. मुलांनाच विचारावं म्हणून कॉलेजच्या फाटकाशी तासभर उभे राहिले आणि रखवालदाराने "काका, कोण हवंय?" विचारताच कोणी नको म्हणून घरी आले. शेवटी दोन भाषातज्ज्ञांना लिहिलं. तज्ज्ञच ते, त्यांना माहीत नाही असं काही नसतंच. एकाने 'निळावणे' पाचशे वर्षं जुनं असल्याचं कळवलं. दुसऱ्याने हे शब्दच नव्हेत असा निर्वाळा दिला आणि सोबत स्वतःचा चाळीस पानी लेख जोडला. आजोबांना दोघांचंही पटलं. स्वतःचं तेवढं त्यांना कधी पटत नसे.

सहाही चिठ्ठ्यांवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: आधार आढळला नाही.

तरी चुटपुट राहिली. सगळा धीर गोळा करून त्यांनी लेकीला फोन लावला आणि पोरीने हे शब्द इंटरनेटवर नेमके कुठे वाचले, ते विचारलं.

लेक म्हणाली, "बाबा, ते कुठलेच नाहीत हो. तिने बसून बनवलेत, तुमच्यासाठी. म्हणे आजोबा माणसांशी बोलत नाहीत, शब्दांशी बोलतात. तर आमच्या दोघांचेच काही शब्द असू देत."

उत्तराबद्दल ती काही म्हणाली का, असं आजोबांनी चाचरत विचारलं.

"महिनाभर रोज टपाल बघायची. आता नाही बघत."

आजोबांनी 'हं' म्हणून फोन ठेवला.

चार मसुदे झाले. पहिल्यात प्रस्तावना होती, दुसऱ्यात तळटीपा. तिसरा बरा जमला, म्हणून संशय येऊन फाडला. चौथ्यात एवढंच उरलं: 'मी तुला आठ महिने निळावलं. चुकलो. निदान अंगठाळू तरी व्हायचं, तेही जमलं नाही. तुझा खांबू.'

पुन्हा वाचलं तर आपण हे पाठवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं, पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

सहा शब्दांची ती भाषा बोलणारी माणसं जगात आता दोन झाली.