भावकीतून आलेले डबे

"कोन गेला?" जिजाबाईंनी ताट दूर सारून विचारले.

मायक्रोवेव्हची घंटी नुकतीच वाजली होती. रामनाथ वाफाळलेला डबा फडक्यात धरून पत्नीसमोर उभे होते. डब्याच्या झाकणावर सुनेच्या अक्षरात 'मंगळवार' लिहिलेली चिठ्ठी होती.

"कोणी नाही गेलं, जिजा. तू जेव."

"मंग कोनी बोलत का नाय?" असे म्हणून जिजाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

फुलपाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात महिन्यापूर्वी एक नवी व्यवस्था सुरू झाली होती. जिजाबाईंची स्मृती दोन वर्षांपासून ओसरत चालली होती. एके दुपारी त्यांनी गॅस सुरू केला आणि काडी ओढायची विसरल्या. शेजारणीला वास आला म्हणून अनर्थ टळला. त्या दिवसापासून सिलिंडरचा खटका बंद झाला. चहासाठी विजेची किटली आली. सून स्वप्नाली दर रविवारी कामणला, थोरल्या जावेकडे जाऊ लागली. तेथे दोघी जावा दोन्ही घरांचा आठवड्याचा स्वयंपाक एका दिवसात उरकत आणि संध्याकाळी फुलपाड्याचे डबे पिशव्यांतून घेऊन येत.

"ताई, तुमची बुधवारची डाळ आमच्या शुक्रवारात घुसली बघा," डबे फ्रीजमध्ये लावताना स्वप्नाली म्हणे.

"घुसू दे. डाळीला कुठे वार कळतो?" थोरली संजना हसे.

व्यवस्थेत काही खोट नव्हती. कामावरून परतल्यावर स्वप्नालीचे जे दोन तास ओट्यापाशी जात, ते आता वाचत होते. त्या वेळात ती सासूच्या पायांना तेल चोळी, त्यांचे केस विंचरी. रामनाथ हे रोज पाहत आणि मनोमन तिला आशीर्वाद देत. आपले काय हरवले, हे तिला सांगण्याचा धीर मात्र त्यांना होत नव्हता.

पूर्वी दिवेलागणीनंतर घरात लसणाची फोडणी पडली की जिजाबाई जाग्या होत. दिवसभर विझलेली नजर तासभर उजळे. मग त्या रामनाथांना "अवो" म्हणून हाक मारीत, खाडीकाठच्या खाचरांची आठवण काढीत, भात झोडताना त्यांनी केलेल्या फजितीवरून त्यांना खिजवीत. उरलेले तेवीस तास रामनाथ त्या एका तासाच्या आशेवर काढीत. गेल्या महिन्यात तो तास एकदाही उगवला नव्हता.

बुधवारी जिजाबाईंनी तोच प्रश्न सुनेला विचारला.

"आई, सगळे आहेत. ही काय, मी तुमच्या समोर बसलेय ना!"

"तू हायेस गो. तुला कोन इचारतंय!"

स्वप्नाली खळखळून हसली. रामनाथही हसले.

गुरुवारी संजना एक राहिलेला डबा द्यायला दारात आली. जिजाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. संजना निघाली, तेव्हा त्या नुसत्या पाहत राहिल्या. आयुष्यात ज्या बाईने दारातून वळणाऱ्या माणसाला "परत ये गो" म्हटल्याविना सोडले नव्हते, तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

रामनाथांना एकदम उलगडा झाला. परत ये, असे कोणी म्हणत नाही, ते फक्त सुतकाच्या घरातून. त्या घरात चूल पेटत नाही. त्या घरात जेवण भावकीतून येते, झाकलेल्या डब्यांतून. जिजाबाईंची बुद्धी सगळे विसरली होती. रीत तेवढी विसरली नव्हती. महिनाभर त्या या घरात एकट्याने सुतक पाळीत होत्या.

शुक्रवारी त्यांनी "कोन गेला" असे विचारले नाही. रामनाथांना ते शुभचिन्ह वाटले.

संध्याकाळ होताच त्यांनी सिलिंडरचा खटका उघडला. शेगडी पेटवली. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी चहापलीकडे काही रांधले नव्हते. भात तळाला लागला. डाळीत मीठ अधिक पडले. परंतु लसूण तांबूस झाला, मोहरी तडतडली, कढीपत्ता फुलला, आणि महिनाभर निर्गंध असलेले ते घर एकाएकी घर झाले.

आतल्या खोलीत पलंग करकरला. भिंतीला धरीत जिजाबाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आल्या. त्यांनी ज्योतीकडे पाहिले आणि हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत ते जुने तेज हळूहळू उमटू लागले. रामनाथ त्यांच्याकडे वळले. पळी हातातच राहिली.

जिजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. डोईवरचा पदर नीट केला. मग कित्येक दिवसांत उमटला नव्हता अशा स्वच्छ, शांत, घरधनिणीच्या स्वरात त्या बोलल्या,

"पेटली एकदाची चूल. आमच्या धन्याचं बारावं आटपलं म्हनायचं. तुमी रांधायला आलात, लय उपकार झाले. आता दोन घास खाऊनच जा, पावने."