वरुणेपलीकडे

"परत किती वाजता म्हणालास?" जहाजाच्या फळीवर पाय ठेवता ठेवता वेणीमाधवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन तासांत, बाबा. सगळे घाट पाण्यातून बघायचे, चहा प्यायचा आणि घरी." अनिमेषने उत्तर दिलं, पण बापाच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

या खोटेपणाची तयारी तो महिनाभर करत होता. पुण्यात बसून त्याने या जहाजांची खडान् खडा माहिती काढली होती. थंडीभर ती काशीत पर्यटकांना फिरवतात. मार्च सरता सरता गंगेचं पाणी उतरायला लागलं की कोलकात्याला निघतात आणि पुढच्या हंगामापर्यंत तिकडेच राहतात. जायचं तर असतंच, मग रिकामं कशाला जा, म्हणून स्वस्तात माणसं घेतात. फक्त जाण्यापुरती. परतीचं ज्याचं त्याने बघायचं. अनिमेषला नेमकं हेच हवं होतं. त्याची बॅग सकाळीच गुपचूप केबिनमध्ये जाऊन पडली होती.

दुसरा इलाज काय होता? बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला. मरेपर्यंत काशीची हद्द सोडायची नाही, वरुणा नदीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. आईचं वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले नसतील, तेव्हा फोनवर हवापाण्याचं सांगावं तसं सांगून मोकळे झाले. त्याला पाच वर्षं झाली. नातवाची मुंज झाली, आले नाहीत. सुनेचं, मालविकाचं, ऑपरेशन झालं, आले नाहीत. आणि या जानेवारीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरात न्हाणीघरात पडले, ते शेजारच्या सुशांतने दार तोडेपर्यंत नऊ तास गार फरशीवर पडून होते. व्रत मोडलं तर मोडलं, माणूस तर राहील, असं शेवटी मालविकाच म्हणाली. तिला खरंच रडू आलं होतं.

जहाज हललं. डेकवर वेताच्या खुर्च्या होत्या. वेणीमाधवांनी कापडी पिशवी मांडीवर घेतली.

"दोन तासांसाठी एवढी पिशवी?"

"असू दे. म्हाताऱ्या माणसाला कधी काय लागेल, सांगता येतं का?"

राजा घाट मागे पडला. संकठा घाट आला तेव्हा बाबांनी हात जोडले. आई दर शुक्रवारी तिथल्या देवीला जायची. थोडं पुढे, पंचगंगा घाटाच्या वर, त्यांच्या घराची गच्ची दिसली. रोज धोतर वाळत असायचं ती दोरी आज रिकामी होती.

"तुझं परतीचं तिकीट काढलंयस ना?" बाबांनी विचारलं.

अनिमेषच्या कपाळावर आठी आली. हे नेहमीचंच. तो काशीला आला, की पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी हा प्रश्न ठरलेला. पोटचा मुलगा घरी येतो आणि बापाला काळजी काय, तर हा जाणार कधी. दर वेळी त्याला ते लागायचं. दर वेळी तो गिळायचा.

"काढलंय," तो म्हणाला.

वेटरने चहा आणि लवंगलता, ती लवंग टोचलेली बनारसी मिठाई, आणून ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून अनिमेष म्हणाला, "मालविकाला फार आवडते ही. एकदा आमच्या दाराबाहेर कुणीतरी डबा ठेवून गेलं होतं, थेट बनारसचा. कोण, ते आजवर कळलं नाही. वॉचमनलाही पत्ता नाही. सकाळी दार उघडून बघतो तर नुसत्या मुंग्या."

"मग, टाकून दिलात?"

"नाहीतर काय करणार?"

वेणीमाधवांनी हातातली लवंगलता बशीत परत ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली.

रेल्वेचा पूल डोक्यावरून गेला. आदिकेशवाचं देऊळ दिसायला लागलं. त्याच्या पायथ्याशी वरुणा गंगेला मिळते. ती बारीकशी नदी बघता बघता मागे सरकली. जहाज वळलं नाही. अनिमेष खुर्चीतून उठला, खाली बसला आणि त्याने बापाचे पाय धरले.

"बाबा, मला माफ करा. हे जहाज परत जात नाही. कोलकात्याला जातं. तिथून आपण विमानाने पुण्याला, कायमचे. तुम्हाला असं एकटं मरू देणं माझ्याच्याने होईना. तुमचं व्रत मी मोडलं. पाप लागायचं ते मला लागू दे."

वेणीमाधव मागे गेलेल्या पाण्याकडे बघत राहिले. रागाचं चिन्ह नव्हतं.

"ऊठ. लोक बघतायत," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. तू सुशांतला सांगितलंस ना? त्याच्या पोटात कधी काही राहिलंय?"

अनिमेषने मान वर केली. "ठाऊक होतं, तरी आलात? आणि क्षेत्रसंन्यास?"

"ते तुला सांगायला निमित्त होतं रे. तुमच्या दारातून परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतला."

"आमच्या दारातून?"

"हातात डबा होता. बेल वाजवणार, तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. मालविकाला सांगत होतास, बाबांना बोलवणं म्हणजे वन-वे आहे, एकदा आले की परत पाठवता यायचं नाही."

अनिमेषला वाक्य आठवलं. कुठल्या खोलीत म्हटलं, तेही आठवलं. त्याला बापाच्या पायांवरचे हात उचलता येईनात.

वेणीमाधवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"चार दिवसांसाठीच आलो होतो मी," ते म्हणाले. "परतीचं तिकीट खिशात होतं."