सुबरावनगर

आटपाडीच्या खाली ओढ्याकाठची पाणथळ बुजवून गुंडाला डाळिंब लावायचं होतं. म्हातारे सुबरावआबा मुरमाच्या डंपरसमोर आडवे पडले. "ही बुजली तर वाडीच्या विहिरी मरतील रं," एवढंच म्हणाले. गुंडानं हातातलं फावडं त्यांच्या डोक्यात घातलं आणि जन्मठेपेवर गेला.

उरलेली पाणथळ आबांच्याच पोरानं बुजवली. जयराजनं तिथं प्लॉट पाडले आणि वर बापाच्या नावाची पाटी ठोकली, 'सुबरावनगर'. वाडीच्या विहिरी आटल्या.

शिक्षा भोगून गुंडा घरी आला, तर टँकरच्या रांगेतल्या मारामारीत बायकोचं, बनुबाईचं, डोकं फुटलेलं. त्यानं फावडं उचललं, जाऊन पाटी उपटली आणि मुरूम उकरायला लागला.

जयराज काठ्या घेतलेली चार माणसं घेऊन धावत आला.

"माझ्या बापाला खाल्लास, आता माझी जागा खातोस व्हय रं? ठेव ते फावडं!"

गुंडानं फावडं ठेवलं नाही.


"तुझा बाप बुजवू देत न्हवता म्हणून मारला, जयराज. तू उकरू देईनास."