रंग जाणारी टोपी

ब्रेंडनने टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, ‘थँक्यू’ म्हणाला, आणि नीलांबरीच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय.

टोपी तर झकास झाली होती. हिरवं-पिवळं सॅटिन, आतून अस्तर, काठाला दुहेरी टीप. हे ब्रेंडनच्या आयर्लंडमधल्या जिल्ह्याचे रंग. तो जिल्हा कित्येक वर्षांनी गेलिक फुटबॉलच्या फायनलला पोचला होता आणि मॅच आज सकाळी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या एका बारमध्ये दाखवणार होते. शेजारचा हा ऐंशी ओलांडलेला म्हातारा मागच्या आठवड्यात येऊन सांगून गेला होता, लहानपणी फायनलला आई करून द्यायची तशी टोपी हवी, माझे हात थरथरतात. कापड घेताना नीलांबरीने दुकानातल्या बाईला खोदून खोदून विचारलं होतं, रंग जाणार नाही ना? घरी येऊन एक तुकडा गरम पाण्यात टाकूनही पाहिला होता.

“रंग अजिबात जात नाही,” ती अभिमानाने म्हणाली.

“तेच तर,” ब्रेंडन म्हणाला.

नीलांबरीला चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. हिला पोलिसांत घ्यायला हवं होतं, असं तिचा नवरा मोरेश्वर नेहमी म्हणतो. तिने चहा पुढे केला आणि विचारत राहिली. हळूहळू कळलं ते असं. ब्रेंडनची आई टोप्या करायची त्या क्रेप पेपरच्या. घाम आला, पाऊस आला, की रंग कपाळावरून गालांवर उतरायचा. ब्रेंडन आणि त्याचा थोरला भाऊ टॉम तशाच रंगलेल्या तोंडाने मॅचहून घरी यायचे, आणि दारातच टॉम रागावून धाकट्याचे गाल पुसायला लागायचा. आता ऑफिशियल टोपी ऑनलाइन मिळते. पुढे कंपनीचं नाव आणि रंगाची गॅरंटी. टॉम तिकडे एका वृद्धाश्रमात असतो, आणि ख्रिसमसपासून त्याने ब्रेंडनला ओळखलेलं नाही. आज हाफटाइमला तिथली नर्स व्हिडिओ कॉल लावून देणार होती.

“हा चेहरा त्याला ओळखू येत नाही,” ब्रेंडन म्हणाला. “तो रंगलेला कदाचित येईल.”

नीलांबरीने मोरेश्वरला हाक मारली. “अहो, गराजमधला गणपतीचा बॉक्स काढा ना. मखराचा हिरवा-पिवळा क्रेप पेपर उरलाय त्यात.”

“त्या पेपरने गेल्या वर्षी कार्पेटची वाट लावली होती,” मोरेश्वर म्हणाला.

“तोच हवाय.”

बारच्या दारात एक मुलगी बिअर कंपनीच्या टोप्या फुकट वाटत होती. फोटो काढायचा तर हीच घालावी लागेल, असं तिने ब्रेंडनला गोड आवाजात सांगितलं. ब्रेंडनने नीलांबरीने घाईघाईत करून दिलेल्या कागदाच्या टोपीला हात लावून नको म्हटलं. या बिअरचा आणि आयर्लंडचा काय संबंध, हे नीलांबरीने विचारून घेतलं. मुलीला ठाऊक नव्हतं. तिला फक्त आजच्यापुरतं बोलावलं होतं.

आत सगळ्यांच्या अंगावर कोऱ्या करकरीत जर्सी होत्या. छातीभर कंपनीचं नाव, आणि जिल्ह्याचं चिन्ह कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. दोन्ही बाजूंचे लोक मात्र एकाच टेबलाशी खांद्याला खांदा लावून बसलेले. भांडत कसे नाहीत, असं तिने विचारलं, तर ब्रेंडन म्हणाला, भांडायलाच तर शेजारी बसायचं.

सगळं छान होतं, फक्त एसी असा की वाटीतलं लोणी घट्ट व्हावं. स्कोअर बरोबरीत चालला होता, लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते, आणि ब्रेंडनचं कपाळ ठणठणीत कोरडं. हाफटाइम जवळ आला तशी नीलांबरी अस्वस्थ झाली. तिने पाण्याचा ग्लास उचलून त्याला खूण केली. थोडं शिंपडू का?

“टॉम फसायचा नाही,” तो म्हणाला.

मग तो उठला. पडद्यावर त्याच्या जिल्ह्याचा एक पोरगा बॉल घेऊन सुसाट पळत होता, आणि ब्रेंडन त्याच्याकडे पाठ करून दारातून बाहेर पडला. नीलांबरी त्याच्या मागे गेली. पार्किंग लॉटमध्ये जुलैचं ऊन तापलं होतं. एकही झाड नव्हतं. तो मधोमध जाऊन उभा राहिला. आतून एकदम मोठा आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी गोल केला होता. ब्रेंडनने मान वळवली, पण जागचा हलला नाही.

“बघून येऊ का कुणी केला?” तिने विचारलं.

त्याने मानेनेच नको म्हटलं. इतक्या वर्षांनी आलेली फायनल हा माणूस उन्हात उभा राहून घालवतोय, हे पाहून तिलाच रडू यायला लागलं. आधी पिवळा थेंब उतरला, भुवईपाशी थांबला. मग हिरवा. मग दोन्ही मिळून गालावरून हनुवटीपर्यंत आले.

फोन वाजला. पडद्यावर नर्स दिसली आणि मग टॉम. स्वेटर घातलेला, खुर्चीत आक्रसून बसलेला, ब्रेंडनहून कितीतरी म्हातारा. ब्रेंडनने त्याला हाक मारली. टॉम सौजन्याने हसला आणि नर्सकडे वळून विचारता झाला, हे गृहस्थ कोण?

संपलं, असं नीलांबरीला वाटलं. नर्स काहीतरी समजावत होती. टॉमने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर ब्रेंडनच्या गालावर अडकली. कपाळाला आठी पडली. त्याने अंगठा जिभेला लावून ओला केला. तो अंगठा पुढे येत येत मोठा झाला, सगळ्या पडद्यावर पसरला, आणि रागारागाने चोळायला लागला.

ब्रेंडनने डोळे मिटले आणि गाल फोनच्या आणखी जवळ नेला.