पहिल्या रांगेतली छत्री

वॉर्डाची पाणीटंचाईवरची सभा गुरुवारी चर्चमध्ये भरली, तेव्हा मुंगी शिरायलाही जागा नव्हती. फादरांनी स्वतः खुर्च्या मांडल्या, भांडणं मिटवली, नगरपालिकेला द्यायचा अर्जही लिहून दिला. काम होताच सगळे पांगले. मागे एक छत्री राहिली. फादरांनी ती दाराजवळच्या खुंटीला न अडकवता मुद्दाम पहिल्या रांगेत नेऊन ठेवली. रविवारी प्रार्थनेला नेहमीच्या दोनच म्हाताऱ्या होत्या. प्रवचन अर्ध्यावर असताना दार करकरलं आणि सभेत सर्वांत तावातावाने बोललेला शिंपी रिकाम्या खुर्च्यांमधून चोरपावलांनी पुढे आला. फादरांचा आवाज आपोआप चढला. “माफ करा हं, छत्री विसरलो होतो.” “आलाच आहात तर बसा की दोन मिनिटं.” “दुकान उघडं टाकून आलोय, फादर!” दार पुन्हा करकरलं. फादरांनी डोळे मिटून देवाकडे एकच मागितलं: पुढच्या सभेलाही कोणीतरी काहीतरी विसरू दे.